दहा ग्रॅमचे सोळा किलो कसे होतात? इंजिन बांधताना बॅलन्सिंगची गरज कधी असते

पंधरा वर्षं झालेल्या खासगी कारचं रजिस्ट्रेशन पुढे चालू ठेवायची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5000 रुपये झाली. तरी आमच्या बेळगावात जुनी गाडी मोडीत घालायचं कुणाच्या लवकर मनात येत नाही. नव्या गाडीचे हप्ते बघितले की माणूस म्हणतो, इंजिन काम करून घेऊ, अजून सात-आठ वर्षं चालेल. मग गाडी मेस्त्रीकडे जाते, इंजिन उतरतं, बोअर होतो, रिंगा-पिस्टन-बेअरिंग सगळं नवं पडतं. धूर बंद होतो. आणि वेग ऐंशीच्या पुढे गेल्यावर आरसा थरथरायला लागतो, जो आधी थरथरत नव्हता.

माझ्या जुन्या मारुती झेनचं हेच झालं. ऑइल कमी पडून चौथ्या सिलिंडरचं बेअरिंग धरलं, कनेक्टिंग रॉड खराब झाला. मेस्त्रीने भंगारातून तसाच दिसणारा एक रॉड आणून बसवला. थरथरीची तक्रार घेऊन गेलो तर म्हणाला, "नवीन इंजिन हाय सर, जरा सेट होऊ दे की." दोन हजार किलोमीटर झाले तरी ते काही सेट झालं नाही.

मग "बॅलन्सिंग" हा शब्द कानावर आला. एक जण म्हणे, त्याशिवाय इंजिन बांधूच नये. दुसरा म्हणे, ते रेसवाल्यांचं खूळ आहे. दोघांचंही अर्धंच बरोबर होतं.

आधी गोफण आठवा

जोंधळ्याच्या रानात माळ्यावर उभं राहून कुणी गोफण फिरवलेली आठवते का? दगड मुठीएवढाच. पण फिरवायला लागलं की हात ओढला जातो, आणि जोर वाढवला की खांदा उखडेल असं वाटतं. दगडाचं वजन वाढलेलं नसतं, वाढलेला असतो तो फिरण्याचा वेग. वेग दुप्पट केला की ओढ चौपट होते, तिप्पट केला की नऊपट. सगळी गोम या हिशेबात आहे.

आता इंजिनात या. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला गोल फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, मध्यापासून 4 सेंटिमीटरवर एका बाजूला 10 ग्रॅम वजन जास्त आहे असं धरा. दहा ग्रॅम म्हणजे चहातली दोन चमचे साखर. मिनिटाला 1000 फेऱ्यांवर, म्हणजे जवळपास गाडी उभी असताना, ती साखर क्रँकला साधारण 450 ग्रॅमच्या जोराने बाहेर ओढते. कळतही नाही. 3000 फेऱ्यांवर हीच ओढ 4 किलो होते आणि 6000 फेऱ्यांवर 16 किलो. शिवाय ही ओढ एका जागी थांबत नाही, क्रँकबरोबर फिरते. 3000 फेरे म्हणजे सेकंदाला 50. चार किलोचा हातोडा सेकंदात पन्नास वेळा वर, खाली, उजवीकडे, डावीकडे बेअरिंगवर बसतोय असं समजा. तिथून तो ब्लॉकला लागतो, ब्लॉकमधून इंजिन ज्यावर बसतं त्या फाउंडेशनच्या रबराला, रबरातून बॉडीला, आणि शेवटी तुमच्या आरशाला.

म्हणून उभ्या गाडीत सगळं छान वाटतं आणि हायवेला लागल्यावर तक्रार सुरू होते.

सायकल चालवणारा पाय

इंजिनाच्या पोटात दोन तऱ्हेच्या वस्तू हलतात. काही गोल फिरतात, काही वर-खाली होतात. हे समजायला सायकल पुरते. पेडलवरचं पाऊल गोल फिरतं. गुडघा वर-खाली होतो. मधली नडगी मात्र दोन्ही करते, खालच्या टोकाला गोल आणि वरच्या टोकाला वर-खाली.

पाऊल म्हणजे क्रँकशाफ्टची पिन, गुडघा म्हणजे पिस्टन, नडगी म्हणजे कनेक्टिंग रॉड. क्रँकला पुढून पुली आणि मागून फ्लायव्हील म्हणजे जड चकती, फ्लायव्हीलवर क्लचची प्रेशर प्लेट. या सगळ्या फिरत्या गोतावळ्याची वजनं एकमेकांना तोलून धरतील अशी करणं म्हणजे बॅलन्सिंग. चाकाचं बॅलन्सिंग करताना टायरवाला रिमला शिशाचा तुकडा मारतो, तोच प्रकार. फरक एवढाच की टायरवाला वजन चिकटवतो, तर इंजिनात बहुतेक वेळा जड बाजूचं लोखंड ड्रिलने काढून टाकतात.

आपल्याकडच्या चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन वर असतात तेव्हा दुसरा आणि तिसरा खाली असतात. दोन वर जाणारे, दोन खाली येणारे, हिशेब चुकता. पण तो कधी चुकता होतो? चौघांचं वजन सारखं असेल तेव्हाच. चारांतला एक जाडा निघाला की ओझं एका बाजूला कलंडतं.

लाटण्याचा प्रयोग

बॅलन्सिंग दोन पातळ्यांवर बघतात. घरात लाटणं असेल तर लगेच कळेल. लाटण्याच्या एका टोकाला कणकेची गोळी चिकटवा आणि ते गुळगुळीत ओट्यावर ठेवा. गोळी खाली येईपर्यंत ते गडगडेल. हा साधा तोल. आता दुसऱ्या टोकाला, बरोबर उलट्या बाजूला, तेवढीच गोळी चिकटवा. लाटणं आता कुठेही थांबेल, कारण वर-खालचं वजन सारखं झालं. तोल साधला असं वाटेल.

पण तेच लाटणं लेथवर लावून जोरात फिरवलं तर? एक टोक वर ओढलं जाईल त्याच क्षणी दुसरं खाली. मधोमध शांत आणि दोन्ही टोकं थडथडतायत. स्थिर असताना न दिसणारा हा दोष फिरवल्यावरच दिसतो, म्हणून तो काढायच्या कामाला डायनॅमिक बॅलन्सिंग म्हणतात. फ्लायव्हीलसारख्या पातळ चकतीला साधा तोल बऱ्याच अंशी पुरतो. क्रँकशाफ्ट लाटण्यासारखा लांब, त्याला डायनॅमिकच लागतं.

मशीन दिसायला फार काही नसतं. क्रँक दोन टोकांना रोलरवर ठेवतात, पट्ट्याने काही शे फेऱ्यांवर फिरवतात, आणि दोन्ही आधारांखालचे सेन्सर सांगतात की डाव्या टोकाला अमुक कोनात इतके ग्रॅम जास्त, उजव्या टोकाला तमुक कोनात इतके. तिथे क्रँकच्या काउंटरवेटमध्ये, म्हणजे पिनच्या उलट बाजूच्या जाड पाकळीत, भोक पाडायचं आणि परत फिरवून बघायचं. कमी फेऱ्यांवर तपासलं तरी चालतं, कारण जास्तीचे ग्रॅम तेच राहतात. वेगाबरोबर त्यांची ओढ तेवढी वाढते.

"कंपनीतून बॅलन्स होऊनच आलेलं असतं ना?"

असतं. जुना क्रँक हातात घेऊन बघा, काउंटरवेटमध्ये वेगवेगळ्या खोलीची भोकं दिसतील. ती फॅक्टरीतल्या बॅलन्सिंगची. पिस्टन आणि रॉडसुद्धा वजनाच्या गटांत वेगळे काढून एका इंजिनाला एकाच गटाचे लावण्याची पद्धत आहे.

म्हणून मेस्त्रीने इंजिन उघडलं, रिंगा आणि बेअरिंगचे कप बदलले, बाकी सगळं होतं तसं त्याच जागी परत बसवलं, तर बॅलन्सिंगला एक रुपयाही घालवू नका. फॅक्टरीतला तोल तसाच आहे.

तोल बिघडतो तो वस्तूंची अदलाबदल झाली की. माझ्यासारखा एकच रॉड दुसऱ्या इंजिनातून आला. एकच सिलिंडर खराब म्हणून तेवढाच बोअर केला आणि तीन जुन्या पिस्टनांत एक ओव्हरसाईज, म्हणजे मापाने मोठा, घातला. क्रँक वेल्डिंगने भरून परत ग्राइंड केला. दुसऱ्याच इंजिनाचा क्रँक किंवा फ्लायव्हील लावलं. क्रँक नुसता अंडरसाईज ग्राइंड केला तर पिनवरून सगळीकडून सारखा पातळ थर जातो, त्याने फार बिघडत नाही.

चारही पिस्टन एकदम बदलले आणि नवा सेट जुन्यापेक्षा थोडा जड निघाला तर लोक घाबरतात. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात त्याने घाबरायचं कारण नाही. चौघे सारखेच जड असतील तर दोन वर, दोन खाली हा हिशेब तसाच जुळतो. जुन्या-नव्यातला फरक सोडा, चौघांच्या आपसातला फरक बघा. व्ही-आकाराच्या इंजिनात मात्र हे चालत नाही. तिथे पिस्टन-रॉडच्या वजनाचा हिशेब करून तेवढे खोटे वजनाचे गोळे क्रँकच्या पिनांवर बांधून मगच मशीनवर फिरवावा लागतो. पण तसलं इंजिन आपल्या गल्लीत क्वचितच येतं.

काटा आधी, मशीन नंतर

पहिलं काम वजन करायचं, आणि त्याला मशीन शॉप लागत नाही. किराणा दुकानातला काटा चालत नाही, तो बहुधा पाच-पाच ग्रॅमच्या उडीने पुढे सरकतो. स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा पुरेसा आहे. मी शहापुरात ओळखीच्या सराफाकडे गेलो होतो, चांदीची भांडी तोलायच्या काट्यावर. चार रॉड डिझेलने धुऊन, पुसून, जुन्या धोतरात गुंडाळून नेले. सराफ म्हणाला, "एवढी वर्षं दुकान चालवतोय, लोखंड पहिल्यांदाच तोलतोय."

पिस्टन सोपे. पिन आणि रिंगांसकट चार ढीग करायचे आणि तोलायचे. रॉडला थोडी युक्ती लागते, कारण त्याचं एक टोक गोल फिरतं आणि दुसरं वर-खाली होतं, आणि दोन्हींचा परिणाम वेगळा. एकूण वजन सारखं असून एकाचं खालचं टोक जड आणि दुसऱ्याचं वरचं टोक जड असू शकतं. म्हणून एक टोक तारेने टांगायचं, दुसरं काट्यावर टेकवायचं, रॉड आडवा सपाट ठेवायचा आणि आकडा लिहायचा. मग उलट. चारही रॉड त्याच तारेला, त्याच उंचीवर. तार बोटभर वर-खाली झाली तरी आकडा हलतो, त्यामुळे प्रत्येक रॉड दोन-तीनदा तोलून बघावा.

माझे तीन मूळ रॉड एकमेकांच्या दोन ग्रॅमच्या आत निघाले. भंगारातला चौथा 14 ग्रॅम जास्त, त्यातले 9 खालच्या टोकाला. खालचं टोक क्रँकच्या मध्यापासून सुमारे 3 सेंटिमीटरवर फिरतं. 3000 फेऱ्यांवर या नऊ ग्रॅमची ओढ पावणेतीन किलो, 4500 वर सहा किलो. वर-खाली होणारे पाच ग्रॅम वेगळेच. तो रॉड एकदम टोकाच्या सिलिंडरमध्ये असल्यामुळे इंजिन एका टोकाला जास्त डोलत होतं. आरशाचं कोडं त्या काट्यावर सुटलं.

माझा ठोकताळा असा आहे: रोजच्या गाडीत पिस्टनांत दोन ग्रॅम आणि रॉडच्या प्रत्येक टोकाला दोन ग्रॅम फरक असला तर गप्प बसावं. चार-पाच ग्रॅम असेल तर चारांतला सगळ्यात हलका धरून बाकीचे त्याच्यापर्यंत उतरवावे. पिस्टनचं वजन आतून, पिनच्या भोवतीच्या जाड भागातून काढतात, डोक्यावरून कधीही नाही. रॉडचं टोकांवरच्या जाड उंचवट्यातून. मधल्या दांड्याला ग्राइंडर लावणाऱ्याच्या हातात रॉड देऊच नका, आडवा चरा पडला की तिथूनच तो एक दिवस तुटतो. आणि फरक चौदा ग्रॅमचा असेल तर घासत बसू नये, जुळणारा रॉड शोधावा. मी तेच केलं. दोन भंगारवाले पालथे घातले, काटा पिशवीत घेऊन.

रॉडची खालची टोपी ज्या रॉडची त्यालाच, ज्या बाजूने होती त्याच बाजूने बसली पाहिजे. अलीकडच्या बऱ्याच इंजिनांत रॉड अखंड बनवून मग टोपी मुद्दाम तोडून वेगळी करतात. तुटलेल्या कडा एकमेकांतच बसतात, दुसरीकडे नाही.

"आमचा मेस्त्री तीस वर्षं असाच बांधतो, काही होत नाही"

त्यालाही कारण आहे. आमच्या मेस्त्रींनी हात बसवला तो अँबॅसिडर, पद्मिनी, महिंद्राच्या जीपवर. ती इंजिनं सावकाश फिरणारी, आणि ओढ फेऱ्यांच्या वर्गाने वाढते हे आपण पाहिलंच. निम्म्या फेऱ्यांवर तोच दोष चौथ्या हिश्शाने जाणवतो. शिवाय तेव्हा गाडी थरथरणारच असं धरूनच माणूस चाक हातात घ्यायचा. मेस्त्रीचं ज्ञान खोटं नाही. पाच-सहा हजार फेरे फिरणारं हलकं इंजिन आलं आणि माप बदललं, एवढंच.

एक गोष्ट मला खरंच खटकते. उद्यमबागेत आणि मच्छेत फाउंड्री आहेत, मशीन शॉप आहेत. याच गावात क्रँकशाफ्ट ओततात, घासतात आणि बाहेरगावी पाठवतात. मायक्रॉनच्या गप्पा मारणारी माणसं सकाळी आपल्याच शेजारच्या टपरीवर चहा पितात. आणि तिथून कोसभर अंतरावरच्या गॅरेजात एक ग्रॅमचा काटा नसतो.

पण थरथर इंजिनाचीच आहे कशावरून?

इंजिन उतरवायच्या आधी हे बघा. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये हळूहळू फेरे वाढवा. तीन हजारांच्या आसपास थरथर आली तर इंजिनाकडे संशय. उभ्या गाडीत काहीच नाही आणि रस्त्यावर ऐंशी-नव्वदला येते, न्यूट्रल केल्यावरही राहते, तर दोष चाकात किंवा अ‍ॅक्सलमध्ये. पावसाळ्यात जांबोटी-चोर्ल्याकडून आलेल्या गाड्यांच्या रिमच्या आत तांबडी माती वाळून बसते, आणि मालक इंजिनाला शिव्या घालत येतो. आधी पाण्याचा फवारा मारा.

उभ्या गाडीतच, कमी फेऱ्यांवर धडधड होत असेल तर ते बॅलन्सिंग नव्हेच. एखादा सिलिंडर मिसिंग मारतोय, नाहीतर फाउंडेशनचं रबर बसलंय. क्लच दाबल्यावर थरथर बदलत असेल तर आधी क्लचकडे बघा.

बॅलन्स करूनही उरते ती

मशीनवर शून्य आणलं तरी चार सिलिंडरचं इंजिन वरच्या फेऱ्यांवर बारीक गुणगुणतंच. रॉड तिरका होत असल्यामुळे पिस्टन वरच्या अर्ध्या प्रवासात जास्त वेगाने जातो, खालच्या अर्ध्यात कमी. त्यामुळे वर जाणारे दोन आणि खाली येणारे दोन तंतोतंत फिटत नाहीत, आणि एका फेऱ्यात दोनदा बारीक धक्का उरतो. तो इंजिनाच्या रचनेतच आहे, ड्रिलने जाणार नाही. त्यासाठी दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणारे दोन जादा दांडे लागतात. मित्सुबिशीने 1975 मध्ये असे दांडे घातलेलं इंजिन आणलं होतं.

तीन सिलिंडरची, म्हणजे जुन्या मारुती 800 च्या 796 सीसीसारखी इंजिनं, वर-खाली तोललेली असतात. पण ती पुढून मागे डुलतात, होडीसारखी. त्यावर काही कंपन्यांनी गमतीदार तोड काढली. फोर्डच्या एक लिटरच्या तीन सिलिंडर टर्बो इंजिनात, जे इकोस्पोर्टमधून आपल्याकडेही आलं, फ्लायव्हील आणि पुढची पुली मुद्दाम तोल बिघडवून बनवलेली आहे. अशा गाडीचं फ्लायव्हील हौसेने एकटंच मशीनवर नेऊन "शून्य" केलंत तर चांगली गाडी बिघडवून घ्याल.

पॉवर वाढते का? फ्लायव्हील हलकं करावं का?

नुसत्या बॅलन्सिंगने पॉवर वाढते असं सांगणाऱ्यापासून चार पावलं लांब राहा. बेअरिंगवरचा मार कमी होतो, इंजिन वर ताणलं तरी कुरकुरत नाही, एवढं खरं.

फ्लायव्हील छाटायचा नाद कॉलेजच्या पोरांत आहे. गाडी पटकन फेरे घेते हे खरं, पण घाटात पहिल्या गिअरमध्ये निघताना सारखी बंद पडते. मूळ फ्लायव्हील ओतीव लोखंडाचं असतं. ते पातळ केलं आणि वरच्या फेऱ्यांवर फुटलं तर तुकडे गिअरबॉक्सचं कवच फोडून बाहेर येतात. तिथे कुणाचे तरी पाय असतात.

पुढच्या पुलीत बऱ्याच गाड्यांना रबराचा थर असतो, तो क्रँकचा पिळवटणारा धक्का शोषतो. हे काम बॅलन्सिंगपेक्षा वेगळं आहे. रबर कडक झालं, भेगा पडल्या तर तीच पुली नवी घाला, अ‍ॅल्युमिनियमची शोभेची नको.

मशीनवर न्यायचंच ठरलं तर

क्रँकचं ग्राइंडिंग आधी, बॅलन्सिंग नंतर. उलट केलं तर पैसे दोनदा जातात. क्रँकबरोबर पुली, फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि त्यांचे मूळचे बोल्ट न्या. क्लच प्लेट नको, ती गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसते. फक्त काही क्रँक बाहेरून, म्हणजे फ्लायव्हील-पुलीसकटच, तोललेले असतात. तसा असेल तर सुरुवातीलाच सांगा.

एरवी आधी नुसता क्रँक फिरवून त्याच्यातला दोष त्याच्यातच काढायला सांगा. मग पुली लावून जे येईल ते पुलीत. मग फ्लायव्हील लावून फ्लायव्हीलमध्ये. शेवटी प्रेशर प्लेट, तिचा दोष तिच्यातच. सगळं एकदम जोडून क्रँकला भोकं पाडणं शॉपवाल्याला सोपं जातं. पण तीन वर्षांनी क्लच बदलताना जुनी प्रेशर प्लेट भंगारात जाते, आणि तिला तोलण्यासाठी क्रँकमध्ये पाडलेलं भोक तिथेच राहतं.

शेवटच्या फेरीनंतर फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर समोरासमोर एक खूण करून घ्या. ऑइल पेंट नको, डिझेलने धुतला जातो, पंचने ठोकलेला ठिपका बरा. आणि क्रँक घरी आणल्यावर ऑइलच्या भोकांतून तार आणि हवा मारून मगच बसवा. ड्रिलचा एक बारीक चुरा आत राहिला तरी नवी बेअरिंग पहिल्या शंभर किलोमीटरात जाते.

माझ्या झेनला मशीनवर न्यावं लागलं नाही. जुळणारा रॉड मिळाला आणि आरसा थांबला. एसी लावल्यावर उभ्या गाडीत सीट हलायची, ती मात्र तशीच राहिली. फाउंडेशनचं मागचं रबर बसलं होतं.